आखूड दांडीचा खर्ज

बेस गिटारीला तारा कोणत्या लावाव्यात हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकांनी चर्चेला घ्यावा यात काही औचित्यभंग आहे असे वाचकांपैकी कुणाला वाटले, तर त्यांना दोष देता येणार नाही. आमच्या विभागातल्या सहकाऱ्यांनाही तसे वाटतेच. परंतु गेली अडीच वर्षे आमच्या घरात ज्या विषयावर सर्वाधिक बोलणे झाले तो अभ्यासक्रमाचा नाही, उत्तरपत्रिकांचाही नाही. तो चार तारांचा आहे. आमच्यापैकी एकीचे वाजवणे पुढे चालणार की थांबणार, हे त्या चार तारांवर ठरायचे होते. तेव्हा लिहिणे आले.

आम्ही दोघेही मराठी घेऊन एम. ए. झालो, दोघेही शिकवतो आणि सांगलीत राहतो. लेखनाच्या सोयीसाठी आमच्यापैकी जी वाजवते तिला वादक म्हणू, आणि जो नुसता ऐकतो व मते देतो त्याला श्रोता. (स्वतः काही न करता मते देणे हा आमच्या व्यवसायाचाच भाग असल्याने श्रोत्याला त्यात अवघडल्यासारखे वाटत नाही.) वादक विद्यार्थिदशेत साधी गिटार शिकली होती. चाळिशी ओलांडल्यावर शनिवारी संध्याकाळी जमणाऱ्या एका भावगीतवेड्या मंडळीत ती सामील झाली. तिथे हार्मोनियम होती, तबला होता, गाणारे दोघे होते, अधूनमधून बासरी येई. खर्ज भरणारे कुणी नव्हते. म्हणून ती बेस गिटारीकडे वळली आणि मग तिथेच रमली.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले. सांध्यातली कूर्चा झिजते आहे, असे निदान झाले. वाजवू नका, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. चिमटीत जोर द्यावा लागेल अशी कामे कमी करा, एवढेच म्हणाले. बरणीचे झाकण, पिळायचे कपडे, कणीक, असे सगळे त्यांनी मोजून सांगितले. बेस गिटारीचे नाव त्या यादीत नव्हते, कारण त्यांना ती ठाऊक नव्हती. पण मागून अंगठा आणि पुढून चार बोटे लावून लाकडी दांडीवर जाड तार दाबून धरणे ही चिमटीची परमावधीच होय.

म्हणून आखूड दांडीचे वाद्य आले. नेहमीच्या बेस गिटारीत घोडीपासून वरच्या नटापर्यंत तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच असते. हे माप लिओ फेंडर यांच्या प्रिसिजन बेसने १९५१ साली रूढ केले. शॉर्ट-स्केल म्हणतात त्या प्रकारात तीच लांबी ३० इंचांच्या आसपास येते. चार इंचांनी असे काय होते, असे वाटेल. पहिल्या चार पडद्यांची जागा मोठ्या वाद्यावर १७.८ सेंटिमीटर असते, आखूड वाद्यावर १५.७. हे दोन सेंटिमीटर कागदावर क्षुल्लक दिसतात. ज्या हाताला पंजा ताणायचा आहे त्याला विचारावे. आम्हांला एक जुने, फेंडरच्या मस्टँग बेसच्या घडणीवर बेतलेले वाद्य मिळाले आणि पंजाचा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला. अंगठ्याचा सुटला नाही. तो तारांकडे जाऊन थांबला.

आखूड वाद्याविषयी एक तुच्छतेची भावना वादकांत सर्वत्र आढळते. हे मुलांचे, शिकाऊंचे वाद्य, अशी ती भावना. १९६६ साली मस्टँग बेस बाजारात आला तोही नवशिक्यांच्या वाद्यांच्या रांगेत. पण पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये जो व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर बेस विकत घेतला तो ३० इंचीच होता, आणि क्रीम या त्रिकुटात जॅक ब्रूसने जो गिब्सन ईबी-३ वाजवला तो साडेतीस इंची. तेव्हा हे वाद्य बालवाङ्मयात टाकून मोकळे होता येत नाही. लघुकथा म्हणजे कादंबरीचा संक्षेप नव्हे, हे आम्ही पंचवीस वर्षे वर्गात सांगत आलो; त्या न्यायाने आखूड बेस म्हणजे कापून लहान केलेला बेस नव्हे, हे आम्हांला पटायला जड गेले नाही. पटवायचे कसे, आणि तारेतून ऐकू कसे आणायचे, हा भाग अवघड होता.

सांगलीला राहण्याचा एक फायदा असा की मिरज दहा-बारा किलोमीटरवर आहे. तिथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले; त्याआधीही दीडशेहून अधिक वर्षे तिथे दुधी भोपळ्याच्या जातीतल्या मोठमोठ्या कडू भोपळ्यांपासून तंबोरे घडत आले आहेत. आमचा एका कारागिरांशी परिचय आहे. वाद्य घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो ते काही दुरुस्तीसाठी नव्हे. तारेविषयी ज्याचे हात विचार करतात अशा माणसाशी बोलावे, म्हणून. त्यांनी बेस गिटार मांडीवर आडवी घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "पट्टी कुठली?"

बेस गिटारीच्या चार तारा जाडीकडून बारीककडे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच अशा लागतात. ते आम्ही सांगितले. मोठ्या वाद्यावर? तिथेही याच, तेवढ्याच खालच्या. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिले. "मग ती ढिली पडणारच की ओ सर!"

एका वाक्यात त्यांनी सगळे शास्त्र सांगून टाकले होते. तंबोऱ्यात बायकांसाठी दांडी आखूड असते, पण तिथे पट्टीही चढलेली असते. पुरुषी तंबोरा काळी एकच्या आसपास लागत असेल, तर बायकांचा काळी चार-पाचच्या. लांबी कमी, स्वर उंच, तार बारीक, असा तिन्ही गोष्टींचा मेळ बसतो आणि ताण बेताचा राहतो. आखूड बेस गिटारीत मात्र दांडी चार इंच कमी झाली तरी स्वर तिथेच राहतो. सर्वांत जाड तारेने सेकंदाला ४१ कंपने करायची ती दोन्हीकडे. तारेचा स्वर तिची लांबी, तिचा ताण आणि तिचे दर इंची वजन यांवर ठरतो, आणि तीच तार त्याच स्वरात ठेवायची तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तीसला चौतीसने भागून वर्ग करावा, उत्तर ०.७८ येते. म्हणजे मोठ्या वाद्यावर ज्या तारेचा ताण १८ किलो आहे तीच तार आखूड वाद्यावर चौदा किलोंवर येते. शेकडा बावीस ताण नाहीसा होतो.

या बावीस टक्क्यांकडे दोन प्रकारांनी पाहता येते, आणि आमचा सगळा वाद या दोन पाहण्यांतला आहे.

वादकाच्या अंगठ्याला ही सूट होती. तार ढिली, दाबायला जोर कमी; याचसाठी तर वाद्य घेतले. श्रोत्याच्या कानाला तो तोटा होता. वाद्याबरोबर आलेल्या जुन्या तारा साध्या मापाच्या होत्या, आणि त्यांतली पांढरी तीनची तार छेडली की ती आधी थोडी चढ्या स्वरात बोले, मग खाली येऊन बसे. जोरात छेडली तर पडद्यांवर फडफडे. ढिल्या तारेचा हा स्वभावच आहे. छेडताना ती जास्त ताणली जाते आणि तेवढ्यापुरता तिचा स्वर चढतो. भावगीताच्या संथ लयीत हे चढणे-उतरणे लपत नाही. गाणारा षड्जावर स्थिर आणि खाली खर्ज डुलतो आहे, ही अवस्था फार वेळ सोसवत नाही.

यावर जाणकार जो उपाय सांगतात तो सरळ आहे. तार जाड घ्या. जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. मोठ्या वाद्यावर बारीक तार ४५ आणि जाड तार १०५ असा संच सर्रास चालतो. आखूड वाद्यावर हाच ताण परत आणायचा तर जाडी चौतीसला तीसने भागून येईल त्या पटीत वाढवावी लागते, म्हणजे ४५ ची ५१ आणि १०५ ची ११९. पण इतकी जाड आणि त्यात आखूड तार ही तार कमी आणि सळई जास्त होऊ लागते. तिच्या अंगात वाकायला नकार देण्याचा गुण येतो, तिचे वरचे उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या पटीत न राहता चढे होत जातात, आणि स्वर ऐकू येतो तो कुणीतरी जड दार लोटल्यासारखा. वर नटावरच्या खाचा कानशीने रुंद कराव्या लागतात. एकदा रुंद केलेली खाच पुन्हा अरुंद होत नाही.

आणि मुख्य म्हणजे ताण परत आणला की अंगठ्याची सूटही परत गेली. ज्या कारणासाठी वाद्य आखूड घेतले तेच कारण तारेने खोडून काढायचे, तर ३४ इंचीच काय वाईट होती? हा प्रश्न वादकाने विचारला, आणि श्रोत्याकडे त्यावर उत्तर नव्हते. तेव्हा कमी ताणाच्या मर्यादेतच कुठे काय मिळते ते पाहायचे, असे ठरले.

इथे तारांच्या जातींविषयी थोडे सांगितले पाहिजे. बेस गिटारीची तार म्हणजे मधे पोलादी गाभा आणि त्याभोवती गुंडाळलेले दुसरे काहीतरी. ते दुसरे गोल तारेचे असेल तर राउंडवाउंड, चपट्या पट्टीचे असेल तर फ्लॅटवाउंड. गोल तार गुंडाळून मग घासून सपाट करण्याचा एक मधला मार्गही आहे. आणखी एका जातीत सर्वांत वर नायलॉनची काळी फीत असते. बोट ठेवले की डोळे मिटूनही फरक कळतो. राउंडवाउंडवर बारीक पायऱ्या लागतात आणि बोट सरकताना करकर होते. फ्लॅटवाउंड पॉलिश केलेल्या फरशीसारखी गुळगुळीत. नायलॉनची किंचित उबदार, जुन्या छत्रीच्या मुठीसारखी.

सुरुवातीला फ्लॅटवाउंडच होत्या. प्रिसिजन बेस ज्या उभ्या डबल बेसची जागा घ्यायला आला त्याचा घुमारा आखूड, गोलसर, खालचा. नव्या वाद्याकडून तेच अपेक्षित होते. १९६६ साली इंग्लंडमध्ये द हू या वाद्यवृंदातल्या जॉन एन्टविसलच्या आग्रहातून रोटोसाउंड या कारखान्याने राउंडवाउंड तारा घडवल्या आणि बेस गिटार एकाएकी खणखणीत बोलू लागली. जी मागे बसून साथ करी ती पुढे येऊन वाद घालू लागली. त्यानंतरच्या पिढ्यांना हा खणखणाटच बेस गिटारीचा मूळ स्वर वाटतो. आज बहुतेक नव्या वाद्यांवर दुकानातून येताना राउंडवाउंडच चढवलेल्या असतात.

इंग्रजीत या स्वरांना 'उजळ' आणि 'काळोखे' म्हणण्याची रीत आहे. आम्हांला ती पसंत नाही. उजेड चांगला आणि काळोख वाईट हा निवाडा त्या शब्दांतच आधी होऊन बसतो. आपल्याकडे नादासाठी शब्दांची वाण नाही. खणखणीत, ठसठशीत, भरदार, घोगरा, बसका, खुला, गोल. आणि या सर्वांहून उपयोगी शब्द म्हणजे आस. स्वर छेडल्यावर जो मागे रेंगाळत राहतो तो त्याचा अंश म्हणजे त्याची आस. तंबोऱ्याचे सगळे सौंदर्य आसेत आहे. जवारी लावणारा कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा मागेपुढे सरकवत असतो तो ती आस उलगडावी म्हणूनच. तारेची खरेदी म्हणजे आपल्याला आस किती हवी हे ठरवणे, असे आमचे मत झाले आहे. लांब आस म्हणजे उत्तम तार, हे समीकरण मात्र तंबोऱ्यापुरतेच ठेवावे.

डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन ला बेलाच्या जाडजूड फ्लॅटवाउंड तारा वापरी, आणि तार तुटल्याशिवाय ती बदलत नसे असे त्याच्याविषयी सांगतात. जुनी झालेली, घाम आणि मळ मुरलेली फ्लॅटवाउंड तार म्हणजे आसेचा जवळजवळ लोप. ठोका येतो, स्वर उमटतो आणि पुढच्या स्वराला वाट देऊन निघून जातो. त्याचे वाजवणे ऐकताना वाटते की त्या एवढ्या धावत्या, वळणावळणाच्या ओळी स्पष्ट ऐकू येतात त्या तारा विझतात म्हणूनच. खणखणीत तारांवर त्याच ओळींचा गुंता झाला असता. लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रणांतली कॅरल के तर फ्लॅटवाउंड तारांवर वर फेल्टचा तुकडाही ठेवी. फेंडरच्या सुरुवातीच्या बेस गिटारींत घोडीवरच्या धातूच्या झाकणात स्पंजाची पट्टी कारखान्यातूनच बसवलेली असे. आस दाबणे हा तेव्हा वाद्याच्या घडणीचा भाग होता.

पण जेमर्सनच्या तारा आम्हांला चालणाऱ्या नव्हत्या. त्या जड, त्यांचा ताण भारी, आणि त्या दांडीपासून उंच ठेवलेल्या. त्याचा नाद घ्यायचा आणि ताण सोडायचा, हे जमते का, असा आमचा प्रश्न होता. फ्लॅटवाउंड तारा सामान्यतः त्याच जाडीच्या राउंडवाउंडपेक्षा ताठ असतात. चपट्या पट्टीत पोकळी राहत नाही, धातू अधिक बसतो, वजन वाढते, आणि वजनाबरोबर ताण. यालाही अपवाद आहेत. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्डच्या फ्लॅट तारा त्यांच्या मऊपणासाठीच ओळखल्या जातात. फ्लॅटवाउंडच्या एका संचाला काही हजार रुपये पडतात आणि आखूड मापाचा संच सांगलीत मिळत नाही, मुंबईहून मागवावा लागतो. त्यामुळे पाच-सहा संच आणून चाखून पाहावेत, हा मार्ग दोन पगारांच्या घरातही खुला नव्हता. विचार जास्त आणि खरेदी कमी, असे धोरण राहिले.

पहिला विचार नायलॉनचा झाला. नायलॉन पोलादाच्या मानाने फार हलके. तार दिसायला जाड होते पण वजन आणि ताण बेताचेच राहतात. अंगठ्याच्या दृष्टीने तो संच निर्दोष होता. वादक सलग पाऊण तास वाजवून उठली आणि हाताला शेक घेतला नाही. श्रोत्याला त्यात डबल बेसची आठवण झाली आणि तो प्रसन्न झाला. दोन शनिवार असे गेले. तिसऱ्या शनिवारी तबलावादकांनी, जे वयाने आम्हांहून वडील आहेत आणि क्वचित बोलतात, वाजवणे झाल्यावर तबल्याची गवसणी बांधता बांधता म्हटले, "मॅडम, सूर झकास आहे. पण जरा लवकर बसू दे तो. माझ्या डग्ग्याला जागाच राहत नाही."

या एका वाक्याने आमच्या चर्चेचे तोंड फिरले. तोवर आम्ही वाद्य, हात आणि कान एवढ्यांचाच विचार करत होतो. डग्ग्याचा मूळ नाद बेस गिटारीच्या खालच्या तारांच्याच परिसरात असतो, आणि तो स्थिर नसतो; मनगटाच्या दाबाने तो वर सरकतो, खाली येतो, गुंगतो. केरवा किंवा दादऱ्याचा सारा डौल त्या सरकण्यात आहे. तिथे बेसचा एक स्वर लांब आस घेऊन पसरला की डग्ग्याची मींड त्यात बुडते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात बेसचा शेजारी असतो तो ढोल एकदा धप् करून गप्प होतो. त्याच्याशी जुळणाऱ्या तारा डग्ग्याशी जुळतीलच असे नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हा प्रश्न कितीतरी आधी आला असणार. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यमेळात टोनी वाझ बेस गिटार वाजवत, आणि तिथे तबलाही असेच. त्या गाण्यांकडे आम्ही त्यानंतर पुन्हा, फक्त खालचे ऐकत, गेलो. बेसचे स्वर किती तोकडे आणि नेमके आहेत, आणि दोन स्वरांच्या मधे किती मोकळी जागा सोडलेली आहे, हे तेव्हा ऐकू आले.

मग कमी ताणाच्या फ्लॅटवाउंड तारा आल्या. नव्या असताना त्या फारशा शहाण्या नसतात. एक पातळ, धातूचा चकचकीतपणा त्यांत असतो. तो जायला आम्हांला दीड-दोन महिने लागले. तेवढ्या काळात घोडीजवळ तारांखाली भांडी घासायच्या स्पंजाची अर्ध्या इंचाची पट्टी कापून बसवली. ती पाहून श्रोत्याच्या मनात मिरजेचा जवारीचा दोरा आला. तिथे तारेखाली सूत घालून आस खुलवतात, इथे तारेखाली स्पंज घालून आवरतात. जागा तीच, घोडीपाशीच. पुढे तारा मुरल्यावर पट्टी पातळ केली, पण काढली नाही. तबलावादक काही बोलले नाहीत. एका शनिवारी त्यांनी दादऱ्यात डग्ग्यावर नेहमीपेक्षा बरेच खेळ केले, त्यावरून काय ते समजलो.

चौथी तार मात्र राहून राहून नडत होती. बाकी तिघी सुरेख, पण पांढरी तीनची पुन्हा जरा लोळायची. संच हा संच म्हणूनच वापरला पाहिजे असा काही शास्त्रार्थ नाही. तेवढी एक तार वेगळ्या, थोड्या वजनदार संचातली सुटी मागवून लावली. भावगीतांत ती तार मोकळी जास्त वाजते, दाबावी कमी लागते, म्हणून तिचा वाढलेला ताण अंगठ्याला फारसा जाणवत नाही. कुठली तार किती दाबली जाते याचा हिशेब वादकाने एका संध्याकाळी वहीत रेघा ओढून मांडला होता. प्रबंधासाठी ओव्यांतले यमक मोजताना तिने जसा मांडला होता तसाच. पांढरी सहा आणि पांढरी दोन या मधल्या दोन तारांवरच बहुतेक काम चालते, असे निघाले. म्हणजे मऊपणा तिथे हवा. टोकांच्या तारांना थोडे ताठ राहण्याची मुभा आहे.

आखूड वाद्यासाठी तारा घेणाऱ्याने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. तारेचे गुंडाळलेले जाड अंग नट ओलांडून खुंटीजवळ संपायला हवे. मोठ्या मापाची तार आखूड वाद्यावर लावली की ते जाड अंग खुंटीवर गुंडाळले जाते, नीट बसत नाही, आणि कापली तर वेटोळे सैल होऊन तार आतून मरते. कापायचीच वेळ आली तर आधी काटकोनात वाकवून मग पलीकडे कापावी. उलट हॉफ्नरसारख्या वाद्यांत तार घोडीच्या बऱ्याच मागे, शेपटाच्या पट्टीत अडकते. तिथे ३० इंची म्हणून घेतलेली तार अपुरी पडू शकते. म्हणून लेबलावर न जाता फीत घेऊन अडकवण्याच्या जागेपासून नटापर्यंत मोजावे. दुसरे असे की ताण कमी केला की दांडी सरळ होते. चार तारांनी मिळून ओढलेला कित्येक किलोंचा भार हलका झाला की लाकूड मागे जाते, आणि पहिल्या दोन-तीन पडद्यांवर तार खरखरू लागते. दोष तारेचा वाटतो, पण दांडीतल्या लोखंडी सळईचा स्क्रू पाव फेरा सैल करायचा असतो. आमच्यासाठी हे काम मिरजेच्या त्या कारागिरांनीच केले. असली सळई त्यांच्या वाद्यांत नसते. त्यांनी स्क्रू फिरवण्याआधी दांडी डोळ्यासमोर आडवी धरून एक डोळा मिटून बराच वेळ पाहिले.

या सगळ्यावर एक आक्षेप उरतो, आणि तो आमच्या विद्यार्थ्यांनी घेतला. मंडळीतल्या एका गायकाने शनिवारचे गाणे मोबाइलवर मुद्रित करून पाठवले, ते ऐकून विद्यार्थी म्हणाले, मॅडमचे वाजवणे ऐकूच येत नाही. खरे आहे. मोबाइलच्या नखाएवढ्या कण्यातून ४१ काय, ९८ कंपनांचा स्वरही बाहेर पडत नाही. आपण जे ऐकतो ते वरचे उपस्वर, आणि मेंदू त्यांवरून खालचा स्वर कल्पून घेतो. खणखणीत तारांत उपस्वर भरपूर असतात म्हणून त्या मोबाइलवर टिकतात. फ्लॅटवाउंड तारांनी ते आधीच टाकून दिलेले असतात, म्हणून तिथे त्या नाहीशा होतात. आजचे बहुतेक ऐकणे याच कण्यांतून होते, तेव्हा हा आक्षेप साधा नाही. आम्ही त्यावर दोन दिवस बोललो. शेवटी वादक म्हणाली की तिला त्या खोलीत सात माणसांबरोबर वाजवायचे आहे, आणि खोलीत सतरंजीवर बसलेल्यांना ती तार मांडीखाली जमिनीतून कळते. श्रोत्याने तेव्हा तिथे बसून पाहिले. कळते.

अंगठा बरा झालेला नाही; तो तसा होणारही नाही, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले आहे. चाळीस मिनिटे वाजवून दहा मिनिटे थांबायचे, थंडीत आधी हात कोमट पाण्यात धरायचा, असा क्रम बसला आहे. मागच्या हिवाळ्यात दोन शनिवार चुकले, त्याआधीच्या हिवाळ्यात सात चुकले होते.

तारांना आता चौदा महिने झाले. पांढरी पाचची बारीक तार बाकीच्यांच्या मानाने अजून थोडी टणटणते आणि ती बदलून नायलॉनच्या संचातली एक लावून पाहावी, असे श्रोत्याचे मत आहे. नायलॉनचा संच गुंडाळून, प्रत्येक तारेवर पट्टीचे नाव लिहून, पाकिटात ठेवलेला आहे. वादक म्हणते, आधी ही तुटू दे.